बायांच्या चित्रांसाठी वेगळी भिंत कशाला?

सप्टेंबर २०२३ मध्ये पेपरात बातमी आली, की अमृता शेरगिल यांचं १९३७ सालचं ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना गेलं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यावरून बराच गलका चालला होता. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या, चष्मा नीट केला आणि फोटो निरखून पाहिला. अंगणात बसलेल्या बाया, बाजूला गुरं. “एका चित्राले एकसष्ट कोटी? आन अशा बाया तं आमच्या ओट्यावर रोज बसतेत,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “काढलं कोनं? बाईनंच? मंग बरं हाय.”

ते ‘मंग बरं हाय’ माझ्या मनात राहिलं होतं. यंदा ते पुन्हा वर आलं. गावातल्या बचत गटाच्या बायांनी ग्रामसभेत अर्ज दिला: शाळेची बंद पडलेली जुनी खोली आम्हाला द्या, तिथे गावातल्या आणि आसपासच्या बायांनी काढलेली चित्रं, शिवलेल्या गोधड्या, केलेली मातीकामं लावायची आहेत. थोडक्यात, बायांच्या कलेची गॅलरी. सभेत लगेच तीन-चार आवाज उठले. “कला ती कला, त्यात बाई-पुरुष कायले?” “गोधड्या काय भितीले लावाच्या असतेत काय?” “पाह्याले येईन कोन?”

प्रश्न चुकीचे नव्हते. मी २२ वर्षं शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून उत्तर द्यायला मला उभं केलं. पाच मिनिटांत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

गॅलरी म्हणजे चित्रांची बाजार समिती

कापूस वेचून घरात पडला आहे. दारात गाडी लावून व्यापारी येतो. काटा त्याचा, भाव त्याच्या तोंडचा, पैसे रोख. याला आपण खेडा खरेदी म्हणतो. अडल्या वेळी ती बरी वाटते, पण गावात आज काय भाव निघाला हे शेजाऱ्यालाही कळत नाही. तोच कापूस बाजार समितीत नेला, की चार जणांसमोर बोली होते, काटा सगळ्यांना दिसतो आणि पावतीवर तुमचं नाव येतं. हमाली जाते, पण पुढच्या वर्षी तुम्ही ती पावती दाखवून बोलू शकता.

घरी काढलेलं चित्र पाहुण्याने आवडलं म्हणून पाचशे रुपये हातावर ठेवून नेलं, तर ती खेडा खरेदी झाली. गॅलरी म्हणजे बाजार समितीचा रस्ता. तिथे चित्र बहुधा जांगडावर ठेवतात, म्हणजे माल तुमचाच, विकला गेला तरच पैसे. शहरातल्या खाजगी गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा स्वतःकडे ठेवतात. हे ऐकून ग्रामसभेत एक जण ओरडलेच, “निम्मा?” हो, निम्मासुद्धा. त्या बदल्यात फ्रेम, उजेड, छापील यादी, ओळखीचे ग्राहक आणि महिनाभराची भिंत मिळते. वाटा किती हे आधी कागदावर ठरलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

कोणती चित्रं घ्यायची, कोणतं कशाच्या शेजारी लावायचं, हे ठरवणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. शब्द मोठा आहे, पण लग्नघरात रुखवत मांडणारी जी एक जाणती बाई असते ना, ती हेच काम करते. काय पुढे, काय मागे, कशावर लोकांची नजर आधी जाईल, हे तिला बरोबर कळतं.

आणि गॅलरीचं जे काम डोळ्यांना दिसत नाही, तेच सगळ्यात मोठं. ते म्हणजे नोंद. चित्र कोणी काढलं, कोणत्या साली, कोणाकडून कोणाकडे गेलं, याची साखळी तिथे लिहून ठेवतात. याला मी चित्राचा सातबारा म्हणते. सातबारा नसलेल्या जमिनीचं जे होतं, तेच नोंद नसलेल्या चित्राचं होतं. जो वहिवाटतो, त्याची ती होऊन जाते.

“घरचीच हाय”

वर्धा नदीच्या काठच्या एका गावात एका आजीकडे मी एक गोधडी पाहिली. तीही बाहेर वाळत घातलेली होती म्हणून दिसली. चारी बाजूंनी जुन्या नऊवारीचा हिरवा-लाल काठ. आत धोतराचे तुकडे, धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखे झालेले. टाके कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असे आत आत जात होते. एका ठिकाणी पांढरा दोरा संपून काळा लागला होता आणि तिथून टाक्यांची दिशाही बदलली होती. जणू तिने ठरवूनच तिथे वळण घेतलं. कोपऱ्यांत चार लहान त्रिकोण, नखाएवढे. दोरा कुठला, विचारलं तर म्हणाली, खताच्या पोत्याच्या तोंडाचा उसवून ठेवलेला.

मी घरातल्या सुनेला विचारलं, “ही कोणी शिवली?” ती म्हणाली, “कोनी म्हंजे? घरचीच हाय.” आजी तिथेच बसली होती.

‘घरचीच’ या शब्दात माया आहे, मला ठाऊक आहे. पण त्याच शब्दाखाली करणारीचं नाव दबून जातं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये यूडिथ लायस्टर नावाची चित्रकार होती. हार्लेम गावच्या चित्रकारांच्या संघात तिला सदस्यत्व होतं. १६६० मध्ये ती वारली. पुढे मालमत्तेची यादी झाली, तेव्हा तिच्या चित्रांपुढे तिचं नाव लिहिलं गेलं नाही. नुसती नवऱ्याची ‘बायको’ म्हणून नोंद झाली. नवराही चित्रकारच होता. त्यानंतर दोनशे वर्षं तिची चित्रं दुसऱ्याच एका नामवंत पुरुष चित्रकाराची, फ्रान्स हाल्सची, म्हणून विकली गेली. १८९३ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाकडच्या एका ‘हाल्स’च्या चित्रावर एका अभ्यासकाला तिची खूण सापडली: नावाची अक्षरं आणि त्यांना जोडलेली एक चांदणी. लायस्टर म्हणजे वाट दाखवणारा तारा, म्हणून ती चांदणी काढायची. तेवढी चांदणी होती, म्हणून ती परत मिळाली.

आमच्या आजीच्या गोधडीवर तर चांदणीही नाही.

“कला ती कला, बाई-पुरुष कायले?”

हा आक्षेप मला मनापासून पटतो. चित्राला बाई-पुरुष नसतो, नसावाच. अडचण चित्रात नाहीच, ती चित्रापर्यंत पोचण्याच्या वाटेत आहे.

लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली निघाली. संस्थापक सदस्यांत दोन बाया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. तीन-चार वर्षांनी सदस्यांना एकत्र दाखवणारं एक मोठं चित्र काढलं गेलं. प्रसंग निवडला तो समोर नग्न मॉडेल बसवून अभ्यास करण्याचा. त्या वर्गात बायांना मज्जाव होता. मग या दोघींना दाखवायचं कसं? चित्रकार झोफानीने त्यांची तोंडं मागच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत रंगवली. बाकीचे सगळे खोलीत उभे-बसलेले, आणि त्या दोघी भिंतीवर. पुढे त्या अकादमीत पूर्ण सदस्य म्हणून बाई निवडून आली ती १९३६ मध्ये, लॉरा नाइट. मधली १६८ वर्षं तशीच गेली. त्या काळात मोठ्या चित्रकाराचं पहिलं शिक्षणच मानवी देह बघून काढण्याचं असायचं. तो वर्गच बंद, तर मोठं चित्र येणार कुठून? १९७१ साली लिंडा नॉकलिन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी हेच मांडलं: थोर चित्रकार बाया का झाल्या नाहीत, याचं उत्तर बायांच्या हातात शोधू नका, शाळा, संस्था, शिष्यवृत्त्या यांच्यात शोधा.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचा आकडा घ्या. अमेरिकेतल्या १८ मोठ्या संग्रहालयांतल्या कलाकारांची मोजणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दर १०० कलाकारांत ८७ पुरुष निघाले.

आणि एवढ्या लांब जायची तरी काय गरज? माझ्या वर्गात या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना दरवर्षी मुलं-मुली बसतात. स्मरणचित्रात आणि संकल्पचित्रात माझ्या मुली उत्तम ग्रेड आणतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, म्हणून घरचेही खूश असतात. मग दहावी होते. चित्रकलेचं कॉलेज नागपूरला किंवा अमरावतीला, राहायचं कुठे, खर्च कोण करणार, आणि शिकून करशील काय? पोराच्या बाबतीतही हे प्रश्न येतात, पण त्याला निदान बोर्ड रंगवायचं, डिजिटल बॅनरचं दुकान टाकायचं सुचवतात. पोरीचा कंपास आणि रंगांची पेटी धाकट्या भावाकडे जाते. मी अशा पेट्या ओळखते. झाकणावर जुनं नाव खरवडलेलं असतं.

कागद आला, पैसा आला, नाव कोणाचं आलं?

दोन उदाहरणं शेजारी ठेवते. ती मला नेहमी विचारात पाडतात.

बिहारच्या मिथिलेत बाया घराच्या भिंती रंगवत आल्या, विशेषतः लग्नातलं कोहबर घर, म्हणजे नवरा-नवरीची खोली. १९६६-६७ च्या सुमारास तिथे भयंकर दुष्काळ पडला. हस्तकला मंडळाकडून पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला तिकडे पाठवलं. बायांना कागद द्या, भिंतीवरचं कागदावर काढू द्या, ते आपण विकू, अशी कल्पना. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो, एवढीच ती युक्ती होती. कागदामुळे चित्र दिल्लीला गेलं, जपानला गेलं. आणि काढणारीचं नाव त्याबरोबर गेलं. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. आज मधुबनी म्हटलं की डोळ्यापुढे बाई येते.

आता वारली घ्या. हेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूकडेही पोचले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. तांदळाच्या पिठाने भिंतीवर त्याच लिहायच्या, आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणं म्हणायची. चित्र कागदावर आलं, तेव्हा जगापुढे नाव आलं जिव्या सोमा मशे यांचं. त्यांची प्रतिभा थोरच होती, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांतल्या एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मलाही येत नाही.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. कागद, प्रवास, शहरातली ओळख, हातात आलेला पैसा, या सगळ्या गोष्टी ज्याला घराबाहेर पडता येतं त्याच्याकडे आपोआप जातात. बायांसाठी वेगळी गॅलरी म्हणजे हे ‘आपोआप’ थांबवण्याची सोय.

वीस जणींचा गट

१९७२ साली न्यूयॉर्कमध्ये वीस चित्रकार बाया एकत्र आल्या. कुठल्याच गॅलरीत दाद लागत नव्हती. त्यांनी एक जागा भाड्याने घेतली, डागडुजी स्वतःच्या हातांनी केली आणि ‘ए.आय.आर.’ नावाची गॅलरी उघडली. अमेरिकेतली ही बायांची पहिली सहकारी गॅलरी. सहकारी म्हणजे मालक कोणी एक नाही. सगळ्या जणी वर्गणी भरतात, आळीपाळीने गॅलरीत बसतात, कोणाचं प्रदर्शन कधी हे मिळून ठरवतात. आमच्या गटातल्या अध्यक्ष बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “हे तं आपल्या गटासारखंच हाय की!” अगदी तसंच आहे. ती गॅलरी आजही चालू आहे.

तिथलं वारं आपल्या देशात कसं आलं, तेही ऐकण्यासारखं आहे. १९७९ मध्ये मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानी यांनी ती गॅलरी पाहिली. आपल्याकडेही बायांचं एकत्र प्रदर्शन व्हावं, हे त्यांनी मनात धरलं. व्हायला वेळ लागला. अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि नलिनी मलानी या चौघींचं ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन १९८७ ते १९८९ या काळात भोपाळसह देशात पाच ठिकाणी फिरलं. वॉशिंग्टनमध्ये १९८७ सालीच केवळ बायांच्या कलेचं एक अख्खं संग्रहालय लोकांसाठी उघडलं होतं. म्हणजे आमच्या गटाच्या डोक्यात आलेली कल्पना काही जगावेगळी नाही. जगात तिला पन्नास वर्षं उलटून गेली.

पण हा राखीव डबा झाला ना?

हा सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो कितीतरी नामवंत चित्रकार बायांनीच घेतला आहे. मला ‘बाई चित्रकार’ म्हणू नका, नुसतं चित्रकार म्हणा. त्यांचं बरोबर आहे. वेगळी खोली दिली, की मोठ्या दालनाचे लोक म्हणू शकतात, “तुमचं तिकडे आहे ना?” हा धोका खरा आहे. मी तो नाकारत नाही.

तरी मला ग्रामपंचायत आठवते. महाराष्ट्रात २०११ पासून पन्नास टक्के जागा बायांना आहेत. सुरुवातीला बाई सही करायची आणि नवरा सभा चालवायचा. अजूनही काही गावांत तेच चालतं. पण ज्या एका टर्ममध्ये खुर्चीवर बसल्या, त्यांतल्या काही पुढे सर्वसाधारण जागेवरही उभ्या राहिल्या. आधी खुर्चीची सवय तर व्हावी लागते. गॅलरीचंही तसंच. वेगळी भिंत हा मुक्काम नव्हे, थांबा आहे. तिथून एकीचं जरी चित्र नागपूरला, मुंबईच्या जहांगीर गॅलरीत गेलं, तरी त्या भिंतीचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

आपल्याकडून असं कोणी गेलंच नाही, असंही नाही. बी. प्रभा या नागपूरजवळच्या बेला गावच्या. नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेल्या. लांब मानेच्या, शांत, टोपली किंवा मडकं घेतलेल्या कष्टकरी बाया त्यांनी जन्मभर रंगवल्या. १९५६ साली एअर इंडियाने आपल्या कार्यालयांसाठी चित्रं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची सहा चित्रं प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना घेतली. पुढे एअर इंडियाच्या ज्या संग्रहाचं एवढं नाव झालं, त्याची सुरुवात आपल्या बेल्याच्या मुलीच्या चित्रांनी झाली. हे मी नववीच्या वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, “मॅडम, बेला म्हंजे आपलं उमरेडकडचं?” हो, तेच.

गोधडी भिंतीला लावायची?

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज् बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बाया फाटक्या कामाच्या कपड्यांच्या, पोत्यांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडी भागवायला. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. आधुनिक चित्रकलेच्या जाणकारांनी त्यांच्यापुढे हात टेकले. २००६ मध्ये त्यांतल्या दहा गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या.

नदी, कापूस, जुनं कापड, उसवलेला दोरा. मला तरी त्या बायांत आणि आमच्या आजीत फक्त भाषेचा फरक दिसतो.

अंगावर घ्यायची वस्तू भिंतीवर लावली म्हणजे तिचा अपमान होतो असं काहींना वाटतं. उलट आहे. अंगावर असते तेव्हा ती जवळून दिसतच नाही. भिंतीवर उजेडात लागली, की चार पावलं मागे सरून तिची रचना कळते: काळ्या दोऱ्याने घेतलेलं ते वळण कळतं. कला आणि कारागिरी यांच्यातली रेघ बहुतेक वेळा वस्तूत नसतेच. ती वस्तू कोणाच्या घरात, कोणाच्या हातून झाली, यावरून लोक ती रेघ मारतात.

पण त्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. गोधड्यांचं नाव झालं, त्यांच्या नक्षी दुसऱ्या वस्तूंवर छापल्या गेल्या, आणि २००७ मध्ये तिथल्या काही जणी आम्हाला आमचा वाटा नीट मिळाला नाही म्हणून कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे निकाली निघाले. म्हणून हा पुढचा भाग आमच्या गटातल्या प्रत्येकीने नीट वाचावा.

पीक विकलं, शेत नाही विकलं

चित्र विकणं आणि चित्राचा हक्क विकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला स्वामित्व हक्काचा कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे तुम्ही स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राच्या हक्काच्या पहिल्या मालक तुम्ही. विकत घेणारा ते घरात लावू शकतो. ते कॅलेंडरवर, साडीवर, पिशवीवर छापायचं असेल, तर त्याला तुमची परवानगी लागते. त्याने पीक नेलं, शेत तुमचंच राहिलं. हा हक्क तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे नातवंडांपर्यंत.

इथे एक खाचखळगा आहे. कोणी पैसे देऊन सांगितलं, “आमच्या आजोबांचं चित्र काढून द्या,” तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास हक्क त्या सांगणाऱ्याचा. म्हणून ऑर्डरचं काम घेताना एक ओळ लिहून घ्यावी. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो सहीच्या कागदानेच देता येतो, तोंडी नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तुमच्याकडून पिशवीभर कागदांवर सह्या घेणारा कोणी आला, तर सही करण्याआधी तो कागद गटात वाचून घ्या.

अजून एक तरतूद फार कमी जणींना माहीत असते. कापूस दिवाळीला पडत्या भावात गेला आणि मार्चमध्ये व्यापाऱ्याने तोच चढ्या भावाने विकला, तर शेतकऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. मूळ चित्राच्या बाबतीत मात्र कायद्याने सोय केली आहे. ते चित्र पुढे कधी १० हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर काढणारीला त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. पण मागायचा तर चित्र तुमचंच होतं हे दाखवावं लागेल. आधी सांगितलेला चित्राचा सातबारा इथे कामी येतो. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या वेळी बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायला सांगितलं, तेव्हाही पुष्कळांना वाटलं होतं की नावाने काय होतं.

पाहायला येणार कोण?

खरं सांगायचं तर, पहिल्या वर्षी फारसं कोणी येणार नाही. पोळ्याला, भुलाबाईच्या दिवसांत, यात्रेत लोक डोकावतील. शाळेची मुलं मी आणीन. विक्री होईल ती नागपूर-अमरावतीच्या प्रदर्शनांतून. गावातल्या खोलीत ती होणं कठीण. पण त्या खोलीचं मुख्य काम विक्री नाहीच. बाईला घराबाहेर दोन तास बसून काम करता येईल अशी जागा, रंग-कागद एकत्र आणण्याची सोय, लहान पोर सोबत आणलं तरी चालेल असं वातावरण, प्रदर्शनाला जायचं तर चौघींनी मिळून केलेली गाडी. ‘कलाकार बायांना आधार’ म्हणजे प्रत्यक्षात एवढंच असतं. एवढंही नसतं म्हणून माझ्या मुलींच्या रंगपेट्या भावाकडे जातात.

खोलीबद्दल मात्र मी हट्ट धरला आहे. पत्र्याखाली मे महिन्यात कागद पापडासारखा होतो, आणि पावसाळ्यात भिंतीला घाम फुटतो. त्यामुळे चित्र भिंतीला चिकटवायचं नाही, मागे लाकडाच्या पट्ट्या ठोकून बोटभर अंतर सोडायचं. थेट ऊन पडेल अशा भिंतीवर काहीच नाही, हळदीचा पिवळा आणि पळसाचा केशरी उन्हात आधी उडतात. गोधडी खिळ्यावर टोचायची नाही, वरच्या कडेला मागून कापडाची नळी शिवून त्यात काठी घालायची. वाळवीसाठी दर आठ दिवसांनी सगळ्या फ्रेमच्या पाठी तपासायच्या.

खोलीचा ठराव अजून व्हायचा आहे. रजिस्टर मात्र सुरू केलं. साधं दोनशे पानी, रकाने आखलेले: नाव, वस्तू, साल, माप, कशापासून केली. पहिली नोंद नदीकाठच्या आजींच्या गोधडीची. साल विचारलं, तर म्हणाल्या, “मोवाड वाहून गेलं ना, त्या साली. माह्या लहान्याच्या बारशाले शिवली.” मोवाडचा पूर जुलै १९९१ चा. साल मिळालं. नाव विचारलं, तेव्हा आधी त्यांनी स्वतःचं, नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव असं सांगितलं. मी लिहिलं. पेन खाली ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “थांब माय. माहेरचंबी लिव. टाके तं मी मायजवळच शिकली, इथं कोनी शिकवले?”

रकान्यात तेवढी जागा नव्हती, त्यांचं माहेरचं नाव समासात उभं लिहावं लागलं. पुढच्या पानापासून नावाचा रकाना दुप्पट रुंद आखला आहे.